टाकाऊ वस्तूंची खेळणी

टाकाऊ वस्तूंची खेळणी : वापरून झालेल्या, मोडलेल्या किंवा बाजारात किंमत न उरलेल्या वस्तूंपासून, तसेच परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या नैसर्गिक पदार्थांपासून बनविलेली खेळणी. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी, जुन्या चपलांचे रबर, बाटल्यांची झाकणे, वर्तमानपत्राचा कागद, नारळाच्या करवंट्या, ज्वारीची ताटे, चिंचोके इ. साहित्य त्यांसाठी वापरतात. अशी खेळणी जगातील बहुतेक समाजांत मुले स्वतःच करीत आली आहेत. तथापि अभिकल्पाची एक विचारपूर्वक जोपासलेली शाखा म्हणून त्यांच्याकडे पाहण्यास विसाव्या शतकात प्रारंभ झाला. भारतात या शाखेची वाढ मुख्यत्वे विज्ञानशिक्षणाच्या अनुषंगाने झाली व पुणे हे तिचे एक प्रमुख केंद्र ठरले.

मराठीत ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही शब्दयोजना रूढ आहे. परंतु ती या खेळण्यांना पूर्णतः लागू पडत नाही. जुन्या साड्यांची गोधडी शिवताना किंवा रिकाम्या डब्याची कुंडी करताना टाकलेल्या वस्तूला दुसरे व दीर्घ आयुष्य देण्याचा हेतू असतो. खेळण्याच्या बाबतीत मात्र ते किती काळ टिकते यापेक्षा ते पुनःपुन्हा मोडून जोडता येते की नाही, याला अधिक महत्त्व असते. या एका गोष्टीमुळे त्याचे स्वरूप शोभेच्या वस्तूपेक्षा व कारखान्यातील खेळण्यापेक्षाही निराळे होते.

स्वरूप व लक्षणे : या प्रकारच्या चांगल्या खेळण्यात सामान्यतः चार लक्षणे आढळतात : (१) साहित्य मुलाच्या नेहमीच्या परिसरातील असते व एखादा भाग हरवला, तर तो तेथेच पुन्हा मिळतो. (२) हत्यारे घरगुती असतात. कात्री, सुई, दाभण किंवा बाभळीचा काटा यांवर काम भागते. (३) यंत्रणा उघडी असते. खेळणे चालेनासे झाले, तर दोष कोठे आहे हे डोळ्यांना दिसते. (४) कृती थोड्या चित्रांत सांगता येते व ती पाहून दुसऱ्या मुलाला तसेच खेळणे करता येते.

यांपैकी चौथे लक्षण अभिकल्पाच्या दृष्टीने विशेष होय. कारखान्यातील खेळण्याचा अभिकल्पक एक वस्तू निश्चित करतो आणि तिच्या हुबेहूब प्रती निघतात. येथे अभिकल्पक वस्तूऐवजी कृती देतो. साहित्य प्रत्येक ठिकाणी थोडे बदलते, करणाऱ्याचा हात बदलतो, म्हणून कोणतीही दोन खेळणी तंतोतंत सारखी होत नाहीत. हा फरक पचवू शकेल इतकी सैल, तरीही हमखास चालेल इतकी नेमकी रचना योजणे, हे या शाखेतील खरे कौशल्य आहे.

अशा रचनांत कळीचा भाग बहुधा सांधा हा असतो. काडी, कागद वा झाकण कोणालाही मिळते; ते एकमेकांना खिळा, डिंक किंवा झाळकाम यांवाचून कसे जोडावे, हा प्रश्न असतो. या शाखेतील अनेक महत्त्वाचे शोध हे वस्तुतः सांध्याचेच शोध आहेत.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात चाकांवरील आकृतींची परंपरा प्राचीन आहे. प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे १९७४ मध्ये बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार ब्राँझशिल्पे सापडली. रथ सु. ४५ सेंमी. लांब असून त्यात एक पुरुष उभा आहे. ही शिल्पे भरीव व वजनदार असल्याने ती मुलांची खेळणी म्हणता येत नाहीत. परंतु प्राण्याखाली चाके बसविण्याची कल्पना दख्खनमध्ये किती जुनी आहे, याची ती साक्ष देतात. गोदावरीकाठचे पैठण (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) आणि तेर (धाराशिव जिल्हा) या सातवाहनकालीन स्थळी भाजलेल्या मातीच्या अनेक लहान आकृती मिळाल्या आहेत. तेर येथील काही बाहुल्या दुहेरी साच्यातून काढलेल्या, पोकळ आहेत.

वाङ्‌मयात शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकाचे नावच एका खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून स्वतःच्या मातीच्या गाडीवर रुसतो आणि वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत घालते, असा तो प्रसंग आहे. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या रूपांतरामुळे हा प्रसंग मराठी रंगभूमीवरही परिचित झाला. स्वस्त साहित्याच्या खेळण्याविषयीचा एक मूलभूत प्रश्न त्यात आला आहे; त्याचा विचार पुढे मर्यादांच्या संदर्भात केला आहे.

पोळ्याच्या सणाला मातीचे बैल करण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा साजरा होतो व मुले चाकांवरील लाकडी बैल मिरवितात. सावंतवाडी येथील लाखकाम केलेली लाकडी खेळणी ही कारागिरांची व्यावसायिक परंपरा असल्याने ती प्रस्तुत विषयाच्या कक्षेबाहेरची आहे [⟶ खेळणी].

ज्वारीच्या ताटांची खेळणी : मराठवाड्यातील ज्वारीच्या पट्ट्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी इ. जिल्ह्यांत मुले कडब्याच्या ताटांपासून बैलगाडी, चष्मा, तराजू, पाळणा यांसारखी खेळणी करीत. या एकाच वनस्पतीत बांधणीला लागणारे दोन्ही गुण आढळतात. वाळलेल्या ताटाचे बाहेरचे साल कठीण, गुळगुळीत व लवचिक असते. आतला गाभा मऊ व हलका असतो. दातांनी किंवा नखांनी साल सोलून त्याच्या लांब पट्ट्या व टोकदार काड्या काढतात आणि गाभ्याचे तुकडे करतात. सालाची काडी गाभ्यात टोचली, की सांधा तयार होतो. दोरा, डिंक वा खिळा लागत नाही. पट्टी वाकवून तिची दोन्ही टोके गाभ्याच्या एकाच तुकड्यात टोचली, की चष्म्याची कडी होते. गाभ्याच्या दोन तुकड्यांत समांतर काड्या घातल्या, की गाडीची साटी होते.

या खेळण्याची रचना पाहता त्यात आधुनिक जोडखेळण्यांची दोन्ही मूलतत्त्वे दिसून येतात : ताण व दाब सहन करणारा दंड, आणि अनेक दंडांना एकत्र धरणारा मऊ सांधा. गाभ्याचा तुकडा कोणत्याही बाजूने टोचता येत असल्याने सांध्याच्या दिशा आधी ठरवाव्या लागत नाहीत. मूल चुकले, तर काडी उपटून दुसरीकडे टोचते. कोणीही न शिकविता थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे आलेली ही विद्या आहे. ज्वारीखालील क्षेत्र घटून कापूस, सोयाबीन व मका या पिकांचे क्षेत्र वाढले, तसे हे साहित्य अनेक गावांत मुलांच्या हाताशी राहिले नाही. खेळण्याची परंपरा पीकपद्धतीशी किती निगडित असू शकते, याचे हे उदाहरण होय.

शिक्षणविचारातील स्थान : खेळातून शिक्षण या कल्पनेला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) हा प्रमुख होय. त्याने १८३७ मध्ये सुरू केलेल्या बालसंस्थेतून पुढे बालोद्यान पद्धती विकसित झाली. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन व ठोकळे यांच्या क्रमबद्ध संचांना त्याने ‘देणग्या’ म्हटले. वाटाणे व काड्या जोडून आकृती करण्याचा एक उद्योगही त्याच्या पद्धतीत होता. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या पद्धतीत ज्ञानेंद्रियांच्या विकासासाठी काटेकोर मापांची साधने वापरली जात. ही साधने शास्त्रशुद्ध असली, तरी ग्रामीण शाळांना परवडणारी नव्हती.

महाराष्ट्रात या अडचणीवर उपाय शोधण्याचे श्रेय ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याकडे जाते. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्याबरोबर भावनगर येथे काम केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी (सध्याचा पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये, विस्तारले. तेथील अंगणवाडीत शंखशिंपले, दगडगोटे, बिया, पाने, फुले, काटक्या व माती यांचा साधने म्हणून उपयोग करण्यात आला. मोजणी चिंचोक्यांनी, वर्गीकरण पानांच्या आकारांनी आणि रंगांची ओळख फुलांनी होऊ लागली. या प्रयोगाचे महत्त्व केवळ काटकसरीत नव्हते. मुलाला आधीच परिचित असलेल्या वस्तूला शाळेत स्थान मिळाल्याने घर व शाळा यांतील अंतर कमी झाले.

आधुनिक कला व अभिकल्प : सामान्य व टाकून दिलेल्या वस्तूंतून खेळकर निर्मिती करण्याची प्रवृत्ती विसाव्या शतकातील पाश्चात्त्य कलेत ठळकपणे दिसते. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर (१८९८–१९७६) याने १९२६ ते १९३१ या काळात पॅरिसमध्ये तार, बूच, कापड, लाकूड इत्यादींची एक लहानशी सर्कस तयार केली. तीतील कसरतपटू व प्राणी तो मित्रांसमोर स्वतःच्या हातांनी चालवीत असे. समतोल, लोंबकळणे व अनपेक्षित हालचाल यांचे जे भान त्याला या खेळातून आले, त्याचे परिणत रूप त्याच्या अधांतरी हलत्या शिल्पांत आढळते. कॉल्डर १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला आला होता व तेथे त्याने काही शिल्पे घडविली. पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) याने १९४२ मध्ये सायकलची बैठक व मूठदांडा जोडून बैलाचे मस्तक साकार केले, तर १९५१ मधील माकडीण व पिलू या शिल्पात त्याने आपल्या मुलाच्या दोन खेळण्यातील मोटारी वापरून माकडिणीचे तोंड तयार केले. इटालियन कलावंत ब्रूनो मुनारी (१९०७–१९९८) याने १९३० नंतरच्या दशकात हलक्या कागद-लाकडाची, वाऱ्याने हलणारी ‘निरुपयोगी यंत्रे’ केली. पुढे त्याने आत तार घातलेल्या रबरी स्पंजाचे, हवे तसे वाकविता येणारे माकड योजिले. त्यास १९५४ मध्ये इटलीतील अभिकल्पाचे प्रतिष्ठित पारितोषिक मिळाले.

भारतात चार्ल्स ईम्स (१९०७–१९७८) व रे ईम्स (१९१२–१९८८) या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये शासनाला सादर केलेल्या अहवालात लोट्यासारख्या रोजच्या वस्तूचे अभिकल्पाच्या दृष्टीने विवेचन केले. त्याच्या अनुरोधाने १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. याच दांपत्याने १९६९ मध्ये विविध देशांतील भोवऱ्यांवर एक निःशब्द लघुपट काढला. त्यात दोरी गुंडाळण्यापासून भोवरा कलंडण्यापर्यंतच्या सर्व अवस्था दाखविल्या आहेत. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी जत्रांत विकल्या जाणाऱ्या व मुलांनी केलेल्या गतिमान खेळण्यांचा अभ्यास करून त्यांच्या रचना ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेच्या मेळ्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) यांनी लाकूड, चामडे, मणी इत्यादींची खेळणी केली व लोककलावंताचा सहजपणा आणि आधुनिक चित्रकाराची दृष्टी यांचा त्यांत मेळ घातला. नेकचंद (१९२४–२०१५) यांचे चंडीगढ येथील, फुटक्या बांगड्या, कपबश्या व बांधकामाचा राडारोडा यांतून उभे राहिलेले शिल्पोद्यान १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस शीतपेयाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे जोडून साडी तयार केली. तीत खेळकरपणाबरोबर उपभोगवादावरील भाष्यही आहे.

कलाकृती व खेळणे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. संग्रहालयात ठेवलेल्या कलाकृतीला प्रेक्षकाने हात लावू नये, अशी अपेक्षा असते. कॉल्डरची सर्कसही आज काचेआड आहे. खेळण्याला हात लागला नाही, तर त्याचे प्रयोजनच संपते. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आधुनिक कलेची कल्पकता घेतली. मात्र स्पर्शाचा अधिकार मुलाकडेच ठेवला.

विज्ञानशिक्षणातील कार्य : मध्य प्रदेशात होशंगाबाद (सध्याचा नर्मदापुरम्) जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती व फ्रेंड्‌स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने तो चालविला. २००२ मध्ये तो बंद करण्यात आला. या कार्यक्रमाशी अरविंद गुप्ता यांचा १९७८ मध्ये संबंध आला. गुप्ता यांचा जन्म १९५३ मध्ये बरेली येथे झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतून १९७५ मध्ये विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुण्यात टेल्को या मालमोटारींच्या कारखान्यात काम करीत होते. तेथून एक वर्षाची रजा घेऊन ते होशंगाबाद जिल्ह्यातील खेड्यात राहिले. गावच्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून काय करता येईल, याचा शोध घेताना आगकाडी व सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांची जोडी त्यांना सापडली. या साध्या सांध्यातून पुढे आगकाड्यांच्या प्रतिकृतींचा संच विकसित झाला. त्यांच्या पुस्तकांची व कृतींची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

पुणे विद्यापीठाच्या परिसरातील ‘आयुका’ या खगोलशास्त्रविषयक संस्थेत शालेय मुलांसाठी कार्यक्रम करण्याची प्रथा तिचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी पाडली होती. त्यातूनच तेथे मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांचे केंद्र उभे राहिले. त्याच्या वास्तूस पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या स्मरणार्थ ‘पुलस्त्य’ हे नाव देण्यात आले. गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात येथे काम केले. या केंद्रात तयार झालेल्या खेळण्यांच्या कृती छायाचित्रे व लघुचित्रफिती यांच्याद्वारे संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आल्या. खेळण्याच्या कृतीवर स्वामित्वहक्क न सांगता ती सर्वांना मोकळी ठेवणे, हे या कार्याचे धोरण राहिले आहे.

काही प्रातिनिधिक खेळणी : (अ) आगकाड्यांचे सांगाडे : व्हॉल्वच्या नळीचा सु. दोन सेंमी. लांबीचा तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांत, गूल खरवडून काढलेल्या काड्या घातल्या, की दोन काड्यांचा लवचिक सांधा होतो. नळीला मध्ये काट्याने भोक पाडून तिसरी, टोक काढलेली काडी घातली, की तीन काड्यांचा सांधा होतो. एका नळीला पाडलेल्या भोकातून दुसरी नळी ओढून घेतली, तर चार काड्या जोडता येतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र लगेच कलून समभुज चौकोन होतो. पूल, मनोरे व छपरांच्या कैच्यांत त्रिकोणच का वापरतात, हे मुलाला बोटांना जाणवते. त्रिमितीत हाच नियम अधिक रंजक होतो. साधारणपणे सांधे सुटे फिरणारे असतील, तर सांगाडा ताठ राहण्यासाठी सांध्यांच्या संख्येची तिप्पट करून त्यातून सहा वजा केले असता येईल, तितके दंड किमान लागतात. स्कॉटिश भौतिकीविज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–१८७९) याने १८६४ मध्ये हा नियम मांडला. चतुष्फलकास चार सांधे व सहा दंड असतात, म्हणून तो ताठ राहतो. घनास आठ सांधे असल्याने अठरा दंड हवेत. प्रत्यक्षात बाराच असल्याने तो डगमगतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण बसविला, की तो ताठ होतो. अर्थात कर्णासाठी काडी लांब हवी, हेही मुलाला त्याच वेळी कळते.

(आ) नळीची पिपाणी : शीतपेयाच्या नळीचे एक टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरपे कापले, की जिभलीसारखे दोन पडदे तयार होतात. ते ओठांत धरून फुंकले असता ते कंप पावतात व नळीतील हवेचा स्तंभ निनादतो. फुंकता फुंकता नळीचे दुसरे टोक कात्रीने कापीत गेल्यास स्वर चढत जातो. लांबी निम्म्यावर आली, की तो जवळजवळ एक सप्तक वर जातो. पिंपळाच्या पानाची गुंडाळी व पपईच्या पानाचा पोकळ देठ यांच्या पिपाण्या खेड्यांतील मुले पूर्वीपासून वाजवीत आली आहेत.

(इ) साधा विद्युत् चलित्र : दीड व्होल्टचा एक घट, सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक व रोगण दिलेली तांब्याची तार एवढ्या साहित्यात हे खेळणे होते. तारेचे सु. दहा वेढ्यांचे कडे करून तिची दोन टोके पिनांच्या छिद्रांत ठेवतात. पिना रबरी पट्टीने घटाच्या दोन अग्रांना घट्ट बसविलेल्या असतात व चुंबक घटावर ठेवलेला असतो. एका टोकाचे रोगण सर्व बाजूंनी खरवडतात. दुसऱ्या टोकाचे मात्र अर्ध्याच भागावरून काढतात. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याच्या अर्ध्या भागात प्रवाह वाहतो व उरलेल्या अर्ध्या भागात खंडित होतो. त्या वेळी कडे आपल्या जडत्वाने पुढे जाते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर अर्ध्या फेऱ्यानंतर प्रेरणेची दिशा उलटी होऊन कडे डोलत राहते व थांबते. चलित्रातील दिक्‌परिवर्तकाचे कार्य समजावून देण्यास याहून सोपे साधन क्वचितच सापडेल. मुलांकडून बहुधा हीच चूक होते आणि ती दुरुस्त करतानाच त्यांना तत्त्वाचा उलगडा होतो.

(ई) भिंगरी : दोन भोकांच्या गुंडीतून किंवा ठोकून चपट्या केलेल्या झाकणातून दोरा ओवून त्याला पीळ देतात व दोन्ही हातांनी तो ताणतात. पीळ उलगडताना चकती वेगाने फिरते. जडत्वामुळे ती थांबत नाही व दोऱ्याला उलटा पीळ बसतो. हात सैल सोडून पुन्हा ताणला, की हीच क्रिया उलट दिशेने घडते. हे जुने खेळणे अलीकडे संशोधनाचाही विषय झाले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील भारतीय वंशाचे संशोधक मनू प्रकाश व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये याच तत्त्वावर कागदाचे एक केंद्रोत्सारक यंत्र प्रसिद्ध केले. हाताने ओढून त्याची गती मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत नेता येते व विजेवाचून रक्तातील रक्तद्रव दीड मिनिटात वेगळा करता येतो. खेळण्याकडे गंभीरपणे पाहिल्यास काय साधते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मर्यादा व आक्षेप : पहिला आक्षेप विषमतेचा आहे. शहरातील संपन्न शाळांना प्रयोगशाळा आणि खेड्यातील शाळांना भंगार, अशी वाटणी होत असेल, तर टाकाऊ वस्तूंचे गुणगान हे अभावाचे समर्थन ठरेल. रोहसेनाला मातीची गाडी कितीही चांगली आहे असे सांगितले, तरी शेजारची सोन्याची गाडी त्याला दिसतेच. या आक्षेपात तथ्य आहे. सूक्ष्मदर्शक, तराजू किंवा तापमापक यांची जागा ही खेळणी घेऊ शकत नाहीत. होशंगाबादच्या कार्यक्रमातही शाळांना साहित्याची पेटी पुरविली जात असे. परिसरातील वस्तू तिला पूरक म्हणून येत. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येईल, की उत्तम प्रयोगशाळा असलेल्या अनेक शाळांतही उपकरणे कपाटात बंद राहतात व मुले ती दुरूनच पाहतात. मोडेल या भीतीने ज्याला हात लावू दिला जात नाही, अशा उपकरणापेक्षा मोडले तरी चालेल असे खेळणे अधिक शिकविते. म्हणून ही खेळणी गरीब शाळांपुरती न ठेवता सर्वच शाळांत असणे, हे या आक्षेपाचे योग्य उत्तर होय.

दुसरा दोष या विषयाच्या शालेय वापरातून निर्माण झाला आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धांसाठी नवे थर्मोकोल, चकाकी व गोंद विकत आणून पालकांनीच प्रदर्शनीय वस्तू कराव्यात, असा प्रकार अनेकदा घडतो. त्यात कचरा वाढतो आणि मुलाचा हात मात्र रिकामा राहतो. स्पर्धेऐवजी तासाला प्रत्येक मुलाने एक खेळणे करावे, ते बिघडवावे व पुन्हा जुळवावे, ही पद्धत अधिक श्रेयस्कर होय.

सुरक्षिततेची काळजीही आवश्यक असते. फुटकी काच, गंजलेला पत्रा, वापरलेल्या सुया व पिचकाऱ्या यांसारखा वैद्यकीय कचरा, रसायनांचे डबे व जुन्या विद्युत् उपकरणांतील घट वापरू नयेत. बटणाच्या आकाराचे घट व लहान शक्तिशाली चुंबक गिळले गेल्यास अन्नमार्गाला गंभीर इजा होते. लहान मुलांच्या आवाक्यात ते ठेवू नयेत. भारतात विक्रीच्या खेळण्यांसाठी केंद्र शासनाचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला असून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे त्यान्वये आवश्यक आहे. घरी वा शाळेत स्वतः केलेल्या खेळण्यांबाबत ही जबाबदारी करणाऱ्यावर व शिक्षकावर येते.

बदलते साहित्य : टाकाऊ वस्तू ही त्या त्या काळाची खूण असते. छायाचित्रणाच्या फितीची काळी डबी हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हातपंप व इतर अनेक खेळण्यांचे आवडते साहित्य होते. अंकीय छायाचित्रण आल्यावर ती दिसेनाशी झाली. ध्वनिफितींच्या डब्या व त्यानंतरच्या चकत्या यांचीही तीच गत झाली. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. त्यांत शीतपेयाच्या नळ्यांचाही समावेश आहे. त्यामुळे पिपाणीसारखी खेळणी आता कागदी नळ्यांची करावी लागतात. कागद ओलसर होऊन लवकर मऊ पडत असल्याने कृतीतही थोडे फेरफार होतात. कृती देणारा हा अभिकल्प असल्यामुळेच त्याला असे साहित्यबदल पेलतात. तत्त्व तेच राहते, वस्तू बदलते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ व खेळणी यांवर आधारित अध्यापनाला स्थान देण्यात आले आहे. त्यामुळे शिक्षक-प्रशिक्षणात हा विषय आला असला, तरी त्याचे यश तासिकेच्या वेळापत्रकापेक्षा शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून आहे. ज्या शिक्षकाने स्वतः खेळणे करून ते चालेना म्हणून पुन्हा उघडले आहे, तोच मुलाच्या चुकीची धीराने वाट पाहू शकतो. ज्वारीच्या ताटाची गाडी करणाऱ्या मुलाला शिक्षक नव्हता; त्याच्यापाशी साहित्य, मोकळा वेळ व शेजारी पाहण्यास थोरले मूल होते. शाळेने या तीन गोष्टी उपलब्ध करून दिल्यास या खेळण्यांचे कार्य बव्हंशी आपोआप साधते.